बॉटचं सोंग

मध्य रेल्वेची हद्द रोह्याला संपते. तिथून कोकण रेल्वे सुरू होते ती थेट मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत, सुमारे ७४० किलोमीटर. यातला रोहा ते वीर हा जेमतेम ४७ किलोमीटरांचा टप्पा २०२१ साली दुहेरी झाला. पुढचा जवळजवळ सगळा मार्ग अजून एकेरीच आहे. एकेरी मार्गावर गाड्या किती वाढवायच्या याला मर्यादा असते. गणपतीला गावी निघणाऱ्या चाकरमान्यांना ती मर्यादा ठाऊक असते, म्हणूनच तर ते काही महिने आधीपासून तारखा मोजत बसतात.

२०२३ साली गणपती १९ सप्टेंबरला होते आणि आरक्षण तेव्हा १२० दिवस आधी खुलं व्हायचं. त्यामुळे मे महिन्यातच सकाळी आठच्या ठोक्याला लोक मोबाइल घेऊन बसले होते. मिनिटा-दोन मिनिटांत गाड्या भरल्या आणि वेटिंगचे आकडे चढत गेले. मुंबई-ठाण्यात संताप उसळला, आणि त्या वेळी विरोधी पक्षनेते असलेल्या अजित पवारांनी चौकशीची मागणी केली. लोकांच्या मनात एकच प्रश्न होता. नाव, वय, गाव, बर्थ, पैसे, ओटीपी एवढं सगळं माणूस एका मिनिटात भरतो कसा? एखादा भरेलही. पण शेकडो जण?

हा प्रश्न रेल्वेच्या प्रवाशांना नवा असला तरी ऑनलाइन गेमच्या जगात त्याच्यावर पंचवीसेक वर्षं डोकेफोड चालू आहे. समोरचा खेळाडू माणूस आहे की माणसाचं सोंग घेतलेला प्रोग्रॅम, हे ओळखण्याची एक विद्याच तिथे तयार झाली आहे, आणि ओळख पटू न देण्याची दुसरी. रेल्वेच्या तिकिटांचं काय होतं ते समजून घ्यायचं असेल तर आधी गेमकडे जावं लागतं.

बॉट हा शब्द आपल्याकडच्या पोरांना पबजी आणि बीजीएमआयमुळे पाठ आहे. नवशिक्या खेळाडूला पहिल्या काही डावांत जे सोपे शत्रू मिळतात, ज्यांना गोळी झाडायची तरी कुठे हेही नीट कळत नाही, ते कंपनीनेच सोडलेले बॉट असतात. नव्या माणसाने लगेच हरून निघून जाऊ नये, एवढाच त्यांचा हेतू. इथे बोलायचं आहे ते दुसऱ्या जातीच्या बॉटबद्दल. तो खेळाडू स्वतः आणतो, कंपनीच्या नकळत, आपल्या जागी खेळायला.

कशासाठी? तर कंटाळा टाळण्यासाठी, आणि पुढे पैशासाठी. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'सारख्या गेममध्ये हजारो लोक एकाच जगात एकाच वेळी वावरतात. तिथे सोनं मिळवायचं, हत्यारं मिळवायची, पातळी वाढवायची तर तेच ते राक्षस तासन् तास मारत राहावं लागतं. हे काम इतकं साचेबद्ध असतं की ते प्रोग्रॅमकडे सोपवावं असं कुणालाही वाटेल. शिवाय गेममधलं सोनं खऱ्या पैशांना विकत घेणारे लोक असतातच. 'ग्लायडर' नावाचा बॉट या गरजेवरच उभा राहिला. मायकल डॉनेली या अमेरिकन प्रोग्रॅमरने तो लिहिला, २५ डॉलरला एक याप्रमाणे त्याच्या लाखभर प्रती विकल्या. ब्लिझार्ड या गेमच्या कंपनीशी त्याचा खटला वर्षानुवर्षं चालला. २०१०च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या नवव्या सर्किट न्यायालयाने सांगितलं की बॉट वापरणाऱ्याने नियम मोडला म्हणून आपोआप कॉपीराइटचा भंग होत नाही, पण पहारा चुकवण्यासाठीच बनवलेलं साधन विकणं मात्र बेकायदा आहे. बॉट लिहिणं आणि तो लपवणं या दोन गोष्टी कायद्याने तिथे वेगळ्या काढल्या, आणि गुन्ह्याचं वजन लपवण्याच्या पारड्यात टाकलं.

बॉट बनवण्याच्या वाटा ढोबळमानाने तीन. पहिला बॉट पडद्याकडे पाहतो. अमुक ठिकाणी लाल रंग दिसला म्हणजे जीव कमी झाला, तमुक चित्र दिसलं म्हणजे शत्रू आला, हे ओळखून तो माउस आणि कीबोर्ड हलवतो. हा गेमच्या पोटात शिरत नाही, त्यामुळे सापडायला अवघड, पण आंधळा आणि हळू. दुसरा बॉट थेट संगणकाच्या मेमरीत डोकावतो. शत्रू भिंतीआड असला तरी तो कुठे आहे हे गेमच्या प्रोग्रॅमला माहीत असतंच. तो आकडा वाचला की पडद्याकडे पाहायची गरज उरत नाही. हा बॉट हुशार, पण गेमच्या घरात पावलांचे ठसे सोडणारा. तिसरा गेम उघडतच नाही. गेम आणि कंपनीचा सर्व्हर यांच्यात जे संदेश जातात-येतात त्यांची भाषा शिकून तो परस्पर सर्व्हरशी बोलतो. एका संगणकावर असे शेकडो चालवता येतात. वेग सगळ्यात जास्त आणि धोकाही सगळ्यात जास्त, कारण संदेशांची भाषा कंपनीने थोडी जरी बदलली तरी सगळेच्या सगळे एकदम अडकतात. दुसऱ्या वाटेच्या बॉटवरही अशी पाळी येते. 'रुनस्केप' या गेमच्या चालकांनी ऑक्टोबर २०११मध्ये गेमच्या अंतर्गत रचनेतच बदल केला आणि गेमच्या पोटात शिरून बसलेले बॉट एका रात्रीत निकामी झाले. लाखोंनी खाती बंद पडली.

आता सोंगाकडे येऊ, कारण खरी मेख तिथे आहे.

नवखा प्रोग्रॅमर बॉट लिहितो तेव्हा तो दर ३०० मिलिसेकंदांनी क्लिक करतो. सर्व्हरकडे प्रत्येक क्लिकची वेळ नोंदलेली असते, आणि असं घड्याळ लावून क्लिक करणारा माणूस जगात नसतो. तो लगेच पकडला जातो. मग प्रोग्रॅमर थोडा शहाणा होतो आणि २०० ते ४०० यांतला कुठलाही आकडा यदृच्छेने निवडायला लावतो. त्याला वाटतं, आता मी माणूस दिसतोय. पण हजार क्लिकच्या वेळांचा आलेख काढला तर त्याचा सपाट ठोकळा दिसतो. माणसाचा आलेख असा नसतोच. डोळ्यांना काही दिसल्यापासून बोट हलेपर्यंत साधारण पाव सेकंद जातो. त्याच्या आसपास उंचवटा असतो, डावीकडे तो एकदम तुटतो, कारण त्याहून जलद माणसाचं शरीर हलूच शकत नाही, आणि उजवीकडे लांबच लांब शेपूट निघतं. त्या शेपटात आयुष्य असतं. कुणी दाराची कडी वाजवली, आईने जेवायला हाक मारली, फोन आला, डुलकी लागली.

माउसच्या हालचालीचंही असंच. पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली दाखवून दिलं की हात एखाद्या लक्ष्यापर्यंत न्यायला लागणारा वेळ अंतरावर आणि लक्ष्याच्या आकारावर एका ठरावीक गणिताने अवलंबून असतो. लांबचं आणि बारीक लक्ष्य असेल तर वेळ जास्त. शिवाय माणसाचा हात आधी वेग घेतो, लक्ष्याजवळ मंदावतो, जरा पुढे जातो आणि परत मागे येतो. बॉट सरळ रेषेत, एकसारख्या वेगाने, बटणाच्या बरोब्बर मध्यावर जातो. ऑनलाइन खेळ जन्मालाही आले नव्हते तेव्हाचं हे संशोधन. आज ते बॉट पकडायच्या कामी येतं, याचं मला मनापासून अप्रूप वाटतं.

बॉट लिहिणारेही हे सगळं वाचतात. ते वळणदार रेषा काढतात, शेपूट असलेला आलेख वापरतात, रात्री आठ तास झोपायला लावतात. काही जण खऱ्या माणसाच्या हालचाली टिपून त्याच पुन्हा वाजवतात. एकेका खात्याकडे पाहिलं तर हे सोंग छान वठतं. पण कंपनीला एकेक खातं पाहायची गरज नसते. एकच बॉट विकत घेतलेले पाच हजार लोक एकाच तऱ्हेने वळणं घेतात, एकाच तऱ्हेने झोपतात, मिळालेलं सोनं एकाच वाटेने कुठल्यातरी एका खात्याकडे पाठवतात. खरी माणसं एकमेकांपासून वेगळी असतात आणि कालच्या स्वतःपासूनही थोडी वेगळी. बॉट आपल्या भावंडांसारखेच दिसतात. आजची बरीचशी धरपकड या साम्यावर चालते.

दुसरा उपाय सापळ्याचा. फेब्रुवारी २०२३मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने 'डोटा २' गेममध्ये अशी एक माहिती पेरून ठेवली की जी साध्या खेळात कधीच वाचली जात नाही. मेमरीत चोरून डोकावणाराच तिथपर्यंत पोहोचतो. चाळीस हजारांहून जास्त खाती त्यात अडकली. इथे अंदाजाला जागाच नव्हती. कंपन्या बरेचदा सापडल्या सापडल्या शिक्षाही करत नाहीत. आठवडे-महिने थांबून एका दिवशी सगळ्यांना एकत्र हाकलतात. लगेच हाकललं तर बॉटच्या लेखकाला कळतं की आपली कुठली चूक नडली. उशिरा हाकललं की तो चाचपडत बसतो.

तिसरा उपाय खेळाडूच्या संगणकातच पहारेकरी बसवण्याचा, आणि तो मला अस्वस्थ करतो. ब्लिझार्डच्या 'वॉर्डन' या पहारेकऱ्याबद्दल २००५ साली ग्रेग हॉग्लंड या सुरक्षातज्ज्ञाने उघड केलं की तो गेमखेरीज उघड्या असलेल्या इतर खिडक्यांची शीर्षकंही वाचतो. २०२०मध्ये 'व्हॅलोरंट'सोबत आलेला 'व्हॅनगार्ड' तर संगणक सुरू होतानाच जागा होतो आणि ऑपरेटिंग सिस्टीमच्या अगदी आतल्या थरात बसतो. एका खेळापायी घरच्या संगणकाची किल्ली परक्या कंपनीला द्यावी का, हा प्रश्न खेळणाऱ्या मुलांना सहसा कुणी विचारत नाही. आईबापांनी तो विचारायला हवा.

या सगळ्या झटापटीतून एक गोष्ट निघते, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. बॉटचा फायदा दोन गोष्टींत असतो, वेगात आणि न थकण्यात. सोंग टिकवायचं तर याच दोन गोष्टी सोडाव्या लागतात. तो माणसाइतका हळू झाला, माणसासारखा चुकला, माणसासारखा झोपला की पकडला जात नाही खरा, पण मग त्याने माणसाहून जास्त सोनं कमवायचं तरी कसं? म्हणून चांगल्या पहाऱ्याला प्रत्येक बॉट पकडावा लागत नाही. सोंग इतकं महाग करायचं की नफा उरू नये, एवढं पुरतं.

रेल्वेच्या तिकिटांत नेमकं हेच चाललं आहे, फक्त तिथे सोन्याच्या जागी बर्थ आहे. २०१७च्या डिसेंबरमध्ये सीबीआयने स्वतःच्याच खात्यातल्या एका सहायक प्रोग्रॅमरला अटक केली. त्याने आधी आयआरसीटीसीत नोकरी केलेली होती, आणि 'निओ' नावाचं तत्काळ तिकिटं काढायचं सॉफ्टवेअर दलालांना पुरवल्याचा त्याच्यावर आरोप होता. सप्टेंबर २०२०मध्ये रेल्वे सुरक्षा दलाने 'रेअर मँगो', नंतरचं नाव 'रिअल मँगो', या सॉफ्टवेअरची टोळी पकडल्याचं जाहीर केलं. दलाने केलेलं वर्णन गेमच्या बॉटलाच शोभेल असं आहे. ते कॅप्चा ओलांडत होतं, मोबाइलवर आलेला बँकेचा ओटीपी ॲपमधून उचलून स्वतःच भरत होतं, प्रवाशांची नावं आणि पैशांचा तपशील आधीच भरून ठेवत होतं, आणि अनेक आयडींनी एकदम लॉगिन करत होतं. विक्रीची साखळी पाच पायऱ्यांची होती आणि वरच्या माणसाला पैसे बिटकॉइनमध्ये पोहोचत.

२०२५च्या जूनमध्ये रेल्वे मंत्रालयाने जे सांगितलं त्यावरून या गोष्टीचा आवाका कळतो. तत्काळ खुलं झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत लॉगिनचे जे प्रयत्न होतात त्यांतले निम्म्यापर्यंत बॉटचे असत. अडीच कोटींहून अधिक संशयित आयडी बंद करण्यात आले. आठच्या ठोक्याला मोबाइल धरून बसलेल्या माणसाला जो संशय यायचा त्याला या आकड्यांनी दुजोरा दिला. अर्थात सगळा दोष बॉटवर ढकलता येणार नाही. २२ मे २०२५ला सकाळी दहा वाजता एका मिनिटात ३१,८१४ तिकिटं निघाली, असंही मंत्रालयानेच सांगितलं आहे. एका मिनिटाचा हा वेग पाहता कोकणात जाणाऱ्या मोजक्या गाड्या खऱ्या माणसांनीही डोळ्याचं पातं लवेपर्यंत भरू शकतात. बॉट नसते तरी सगळ्यांना जागा मिळाली नसती. वीरच्या पुढचा एकेरी मार्ग तिथेच आहे.

उपाय काय झाले? जुलै २०२५पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटाला आधारची पडताळणी आणि पाठोपाठ ओटीपी सक्तीचा झाला. अधिकृत एजंटांनाही पहिला अर्धा तास मनाई, वातानुकूलित डब्यांसाठी दहा ते साडेदहा आणि बाकीच्यांसाठी अकरा ते साडेअकरा. १ ऑक्टोबर २०२५पासून साध्या आरक्षणाची पहिली पंधरा मिनिटंही आधार जोडलेल्या खात्यांनाच मिळू लागली. त्याआधी, नोव्हेंबर २०२४मध्ये, १२० दिवसांची मुदत ६० वर आली होतीच. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०२५मध्ये स्पष्ट केलं की ढीगभर वैयक्तिक आयडी काढून त्यांवरून ई-तिकिटांचा धंदा करणं रेल्वे कायद्याच्या कलम १४३खाली गुन्हाच आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

यात एक मोठा बदल दडला आहे. कॅप्चा विचारतो, तू माणूस आहेस का? आधार विचारतो, तू कोणता माणूस आहेस? सोंग ओळखण्याचा नाद सोडून रेल्वेने थेट ओळखपत्रच मागितलं. बॉटला हजार चेहरे घेता येतात, पण हजार आधार क्रमांक आणि त्यांना जोडलेले हजार मोबाइल गोळा करणं महाग पडतं. गेममधला हिशेबच इथे लागू होतो. मात्र त्याची किंमत साधी माणसं मोजतात. आधारला जुना मोबाइल नंबर जोडलेल्या, गावी एकट्या राहणाऱ्या आजीला हा नियम अडवतो, आणि तिच्यासाठी तिकीट काढून देणारा तालुक्यातला प्रामाणिक एजंट अर्धा तास हात बांधून बसतो. वागणुकीवरून बॉट ओळखायचा म्हटलं तरी अन्याय होतोच. दृष्टिहीन माणूस पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मदतीने कळफलकावरूनच पान चालवतो, माउस हलवत नाही, एका रकान्यातून दुसऱ्यात उडी मारतो. पहारेकऱ्याच्या नोंदवहीत तो यंत्रासारखाच दिसतो. खातं बंद झालेल्याला दाद मागायला माणूस भेटला पाहिजे, एवढी अपेक्षा गैर नाही.

बुद्धिबळात हा सगळा प्रकार उलटा होतो. तिथे हात माणसाचा असतो आणि डोकं यंत्राचं. जून २०२१मध्ये कोविडग्रस्तांच्या मदतीसाठी झालेल्या ऑनलाइन सामन्यात उद्योजक निखिल कामत यांनी विश्वनाथन आनंदला हरवलं, आणि दुसऱ्या दिवशी संगणकाची मदत घेतल्याचं कबूल केलं. माउसच्या रेषेवरून असं काही सापडत नाही. तिथे पाहतात ते खेळाडूच्या चाली यंत्राच्या सर्वोत्तम चालींशी किती जुळतात, आणि सोपी व अवघड चाल तो सारख्याच वेळात खेळतो का. अवघड जागी माणूस थांबतो. समोरच्याचा वजीर फुकट मिळत असेल तर थांबत नाही.

बीजीएमआयचे सोपे शत्रू सोडले तर आतापर्यंतच्या प्रत्येक उदाहरणात बॉट आणणारा एक आणि पहारा करणारा दुसरा होता. पैसे लावून खेळायच्या रमी, पोकर आणि तत्सम गेमांत हा फरकच पुसला जाण्याची भीती असते. समोर बसलेली 'माणसं' कंपनीनेच बसवलेले प्रोग्रॅम असतील तर? नवशिक्याला रमवण्यासाठी बीजीएमआय जे करतं तेच, पण इथे तुमचे रुपये पणाला लागलेले असतात. नोव्हेंबर २०२५मध्ये सक्तवसुली संचालनालयाने 'विन्झो' या गेमिंग कंपनीच्या संस्थापकांना अटक केली. ग्राहकांना न सांगता त्यांना माणसांऐवजी सॉफ्टवेअरशी पैशांवर खेळवलं, हा त्यातला एक आरोप आहे. न्यायालयात तो अजून सिद्ध व्हायचा आहे. पण असं घडू शकतं की नाही, याबद्दल तंत्राच्या बाजूने शंका नाही. सहा खेळाडूंच्या पोकरमध्ये 'प्लुरिबस' नावाच्या प्रोग्रॅमने २०१९ सालीच कसलेल्या व्यावसायिकांना हरवून दाखवलं आहे. रात्री दोनला मोबाइलवर पत्ते खेळणाऱ्या, दिवसभर कंपनीत राबून आलेल्या पोराचा त्याच्यापुढे काय पाड!

संसदेने ऑगस्ट २०२५मध्ये पैसे लावून खेळायच्या सगळ्या ऑनलाइन गेमांवर बंदी घातली, कौशल्याचा खेळ असो वा नशिबाचा. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. असा गेम चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात, खेळणाऱ्याला शिक्षा नाही. मुंबईच्या 'ड्रीम ११'ने पैशांच्या स्पर्धा लगेच थांबवल्या. बंदी योग्य की नियमन योग्य यावर वाद आहे आणि तो चालू राहील. माझा आग्रह जुन्या नोंदींसाठी आहे. कोणत्या खात्याने कोणता पत्ता किती मिलिसेकंदांत टाकला, कोण रात्री कधीच झोपलं नाही, कोण हरलेले पैसे पुन्हा भरायला कधीच बँकेकडे गेलं नाही, हे सगळं त्या कंपन्यांच्या सर्व्हरवर नोंदलेलं असणार. क्लिकच्या आलेखाचं शेपूट तिथेही तपासता येतं. तपास यंत्रणांनी त्या नोंदी पुसल्या जाण्याआधी ताब्यात घेऊन, गेमच्या जगात बॉट पकडणाऱ्या तज्ज्ञांकडून वाचून घेतल्या, तर ज्यांचे पैसे गेले त्यांना निदान एवढं तरी कळेल की आपण हरलो ते माणसाशी खेळून की आणखी कुणाशी.